पूल आला, सावकाश या

सातवा महिना, पहिला दिवस

आ-यिन, तुझ्या विसरण्याला काय म्हणावं ते मला कळत नाही. हे बोलकं यंत्र मला दिलंस, लाल बटण दाबून बोलायचं एवढं दाखवलंस आणि बंद कसं करायचं ते सांगायला विसरून गेलीस. पहिल्या दिवशीचं माझं घोरणं, शेजारच्या कोंबड्या, भाजीच्या गाडीवरचा कर्णा, सगळं यात जाऊन बसलंय. आता लिहून काढ बसून. 'आपो, तुला अक्षर येत नाही म्हणून काय झालं, रोज थोडं बोल, मी आले की वहीत उतरवीन,' म्हणाली होतीस. तेव्हा तुझी बस सुटायला आली होती. त्यानंतर आली नाहीस. घराचा रस्ता तरी लक्षात आहे ना?

आज सातवा लागला. मेलेल्यांच्या जगाचं खालचं दार उघडलं, महिनाभर सगळे मोकळे. दुपारी दाराबाहेर स्टुलावर भात, केळी आणि बिस्किटांचा पुडा ठेवला, ज्यांना घर नाही अशा भल्या भावांसाठी. त्यांना भूत म्हणायचं नाही हे मी तुला लहानपणी शिकवलंय. मग आत येऊन तुझ्या आगुंगच्या, माझ्या नवऱ्याच्या, नावाच्या पाटीपुढे ताट ठेवलं. उदबत्ती अर्धी जळू दिली, कौलाच्या दोन लाकडी फाका ओंजळीत घेतल्या आणि विचारलं, "म्हाताऱ्या, जेवलास का?"

दोन्ही पालथ्या.

म्हणजे नाही. एक उताणी, एक पालथी पडती तर हो होतं. दोन्ही उताण्या पडत्या तरी मी समजले असते की हसतोय माझ्यावर. पण पाचव्या महिन्यात तो गेला तेव्हापासून विचारतेय आणि दर वेळी पालथ्याच. जेवत नाही, कारण तो इथे नाहीच. पाटी आली, माणूस आला नाही.

का आला नाही ते तुला ठाऊक आहे. तो शहरात वारला, तिथून त्याची पाटी तू मांडीवर घेऊन आलीस, वर काळी छत्री धरून. तुझा बाप गाडी चालवत होता. बोगदा आला, पूल आला की मांडीवर पाटी असलेल्या नातवंडानं सांगायचं असतं, 'आगुंग, पूल आला, सावकाश या.' नुकता गेलेला जीव आंधळ्यासारखा, हाकेच्या मागे मागे येतो. मी उंबऱ्यावर उभी होते. पहिलं तेच विचारलं, "पुलावर हाक मारलीस ना?" तू गप्प. तुझा बाप खिशात किल्ली चाचपत होता. मी म्हणाले, "विसरली. ही लग्नाच्या दिवशी नवऱ्याला मांडवातच विसरून येईल." रडणाऱ्या बायकासुद्धा हसल्या. तू तेवढी हसली नाहीस.

माझा अंदाज सांगते. त्या उंच नव्या रस्त्याची म्हाताऱ्याला सवय नाही. जिवंतपणी एकदा नेला होता तर पिशवीत ओकत गेला. नदीवर आल्यावर त्याने वरून खाली पाहिलं असणार, आपला जुना लोखंडी पूल दिसला असणार. कुणी हाक मारेना, तर इथेच उतरतो म्हणाला असेल. जन्म त्या रुळांवर गेला त्याचा. तिथे बसलाय.

महिना संपला की दार बंद. तोवर तो घरी आला नाही तर लोकांच्या स्टुलावरची बिस्किटं खात हिंडणाऱ्यांतला होईल. ते मी होऊ देणार नाही. मी त्याला आणायला जाणार, मोटारीच्या रस्त्याने नाही, त्याच्या रस्त्याने.


तिसरा दिवस

त्याच्या रस्त्यावर आता मोटार जात नाही आणि गाडीही जात नाही. रूळ उचलले, डांबर घातलं, कडेला फुलं लावली. सायकलीच जातात फक्त. माझे पाय हल्ली लांब नेत नाहीत, म्हणून सायकल.

स्टेशनात गेले. तिकीट खिडकीवरचा लो आता तिथूनच सायकली भाड्याने देतो. म्हाताऱ्याच्या बरोबर नोकरीत होता, मला अजून वहिनी म्हणतो.

"वहिनी, कुणासाठी हवीय?"

"माझ्यासाठी."

"फोटो काढायचाय होय? बसा ना, त्या पिवळ्या सायकलीवर बसा."

"फोटो नाही. चालवायचीय."

त्याने चहाचा पेला खाली ठेवला. "कधी चालवलीय का?"

"नाही. तूही जन्मल्या जन्मल्या तिकिटं फाडत नव्हतास."

शेवटी त्याने मागून तीनचाकी काढली. पुढे टोपली, मागे रुंद बूड ठेवायला जागा. माझ्यासारख्या माणसांसाठीच करतात म्हणे, पडत नाही. पडत नाही हे खरं, पण वळतही नाही. फलाटाच्या टोकाला बाक आहे, त्या बाकावर एक जोडपं आइस्क्रीम खात बसलं होतं. मी ओरडले, "उठा, मला थांबवता येत नाही." ते उठले. बाक उठला नाही.

लो धावत आला. "ब्रेक दाबायचा होता, वहिनी."

"ब्रेक कुठे आहे ते सांगायला तूही विसरलास. आमच्या नातीची शाळा दिसते तुझी."

संध्याकाळपर्यंत फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला लागले. घट्ट चड्ड्या घातलेले, तोंडाला फडकी बांधलेले शहरातले लोक सर्रकन जायचे आणि 'आपो, जोरात' म्हणायचे. जोरात कशाला? मला काही तिथे लवकर पोचायचं नाही, त्याला घेऊन परत यायचंय.

घरी आल्यावर चपला निघेनात. चपला आखूड झाल्यात की पाय वाढलेत, ह्या वयात पाय वाढतात का ते तुझ्या त्या फोनमध्ये बघून ठेव.


पाचवा दिवस

वादळाचा पाऊस. झाडावरची नासपती किडीसाठी बांधलेल्या कागदाच्या टोप्यांसकट खाली आली. सायकल नाही. ताट ठेवलं, विचारलं. पालथ्या. ते ताट मग मीच खाल्लं. गार अन्न खायची मला सवय आहे, पण एकटीनं खायची नाही.


आठवा दिवस

आज पुलापर्यंत गेले. त्याची गँगमनची टोपी टोपलीत ठेवली होती आणि उदबत्तीचा पुडा.

पूल आहे तसाच आहे, फक्त मध्ये डांबराचा पट्टा. दोन्ही कडांना रुळांचे तुकडे शोभेला ठेवलेत. म्हातारा लाइन बंद झाल्यावरही रोज इथे यायचा, हातोडा घेऊन. रुळाला टकटक करून कान लावायचा. कुठे तडा असला तर आवाजात कळतं म्हणायचा. डांबर घातल्यापासून चिडला होता. "आता खालचं काही ऐकू येत नाही," म्हणायचा. मी म्हणायचे, "तुला माझंही ऐकू येत नाही, मला काय डांबर घातलंय?"

लग्न झालं तेव्हापासून मी त्याचा डबा घेऊन ह्याच पुलावर यायचे. पुलावर चालायची मला बंदी होती, ह्या टोकाला उभं राहून हाक मारायची. तो मध्यावरूनच हात करायचा आणि काम संपवून यायचा. आजही मी त्याच टोकाला थांबले. नदी गढूळ, लाकडं वाहत होती. उदबत्ती लावली आणि हाक मारली. हात दिसेल असं उगीच वाटलं.

पलीकडे जायचं होतं, बोगद्यातून खालच्या स्टेशनापर्यंत, आणि तिथून हाका मारत परत. पण छातीत दम मावेना. कडेला बसले. लो मागून मोपेडवर आला, त्या वाटेवर मोपेड चालत नाही हे माहीत असून.

बसल्या बसल्या त्याने गोष्ट सांगितली. खालच्या स्टेशनावर सायकली देणारी बाई त्याच्या ओळखीची. ती म्हणते, एक मुलगी सुट्टीच्या दिवशी पहाटेच येते आणि दोघांची जोडसायकल मागते. एकटी. मागची सीट रिकामी. बोगद्यातून जाताना घंटी वाजवत मोठ्याने म्हणत जाते, 'आगुंग, बोगदा आहे, डोकं सांभाळा.' एक-दोघांनी तक्रार केली, बायामाणसं घाबरतात म्हणून. सातव्या महिन्यात असलं काही ऐकलं तर घाबरणारच.

"खुळी असेल बिचारी," लो म्हणाला.

"खुळी नव्हे, शहाणी आहे," मी म्हटलं. "तिच्या घरचंही कुणी राहिलं असेल वाटेत. निदान आणायला तरी येते."

बघ, आ-यिन. लोकांच्या नाती कशा असतात.


अकरावा दिवस

तुझा बाप आला. कुणीतरी कळवलं असणार, आणि लो माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हता म्हणजे कुणी ते समजलं.

"आमे, तू सायकल चालवतेस?"

"अजून वळता येत नाही, पण चालवते."

"या महिन्यात पाण्याजवळ जायचं नाही हे तूच आम्हाला शिकवलंस."

"तुला नेमकं तेवढंच बरं आठवतं."

त्याने मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरने पायावर बोट दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला, भिजवलेल्या पिठात पडावा तसा. छातीतला पंप थकलाय म्हणाला, पाणी साचतंय, शहराच्या इस्पितळात दाखल व्हा. मी म्हटलं, सातव्यात कुणी इस्पितळात जात नाही. तिथे आधीच गर्दी असते, दिसणाऱ्यांची आणि न दिसणाऱ्यांची. महिना संपू दे. तुझा बाप बाहेर जाऊन बराच वेळ डॉक्टरशी बोलत होता. आत आला तेव्हा त्याने मला शेंगदाण्याची वडी घेऊन दिली. लहानपणी मी त्याला सुईच्या आधी द्यायचे, तशी.

मीठ बंद केलंय. आता जगायचं कशाच्या जोरावर?

घरी जेवताना मी तुझ्याबद्दल विचारलं. "काम असतं तिला," म्हणाला आणि ताटातल्या भाताकडे बघत राहिला. "अजून पुलाचं मनाला लावून बसली नाही ना?" मी हसत म्हटलं. तो हात धुवायला उठला. अर्धा भात तसाच.


पंधरावा दिवस

आज देवळाच्या पटांगणात मोठं जेवण, बेघरांचं. टेबलांच्या रांगा, डुकरं, कोंबड्या, फळांचे मनोरे, टेबलाखाली तोंड धुवायला पाण्याची भांडी आणि नवे टॉवेल. सगळं गाव वाढायला असतं. जेवणारे दिसत नाहीत, पण उदबत्त्यांचा धूर असा दाट होतो की असतील असंच वाटतं.

मीही माझं ताट नेलं. खारवलेल्या मुळ्याचं आम्लेट, त्याला आवडतं तसं, कडा जाळून. आपल्या घराच्या टेबलावर ठेवलं नाही. पटांगणाच्या अगदी टोकाला, जिथे कुणाचंच टेबल नसतं, तिथे एक स्टूल मांडून ठेवलं. मला त्याचा स्वभाव माहीत आहे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मागून घ्यायचा नाही, वाढपी पुढे गेला की रिकाम्या वाटीकडे बघत बसायचा. इतक्या अनोळखी गर्दीत तो पुढे घुसणार नाही. मागे राहील, कुंपणाला टेकून.

तिथेच बसले मी, धूर उतरेपर्यंत. शेजारची बाई म्हणाली, "इथे कुणासाठी ठेवलंय, आपो?" मी म्हटलं, "असाच एक आहे, भिडस्त."

आम्लेटाला मुंग्या लागल्या. मुंग्यांना कौल कसा विचारणार?


एकोणिसावा दिवस

आज सगळं झालं. बसून बोलते, दम लागतो.

तुझ्या बापाने लोला ताकीद दिली होती, मला सायकल द्यायची नाही. मी म्हटलं, ठीक, चालत जाते, आणि निघाले. फाटकापर्यंत गेले तेव्हा तुझा बाप मागून आला. स्टेशनात जाऊन तीनचाकी काढली, मला मागे बसवलं आणि स्वतः चालवायला लागला. त्याने कार्यालयाचा सदरा घातला होता, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा.

पूल ओलांडला, बोगद्यातून गेलो. आत गार, वरून पाणी टपकतं, आपण पुढे जाऊ तसे दिवे लागत जातात आणि मागे विझतात. तो मागे वळून अंधाराकडे बघायचा. लहानपणी अंधाराला भ्यायचा. अजून भितो. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

खालच्या स्टेशनावरून परत फिरलो. उदबत्ती माझ्या हातात. बोगद्याच्या तोंडाशी मी म्हटलं, "आता हाक मार. मुलगा आहेस."

"बा, बोगदा," तो म्हणाला, आणि समोरून सायकलवाले आले तर खोकला काढला.

"वडिलांना बोलावतोयस की बँकेत तुझा नंबर लागलाय? मोठ्याने."

बोगदा संपेस्तोवर त्याचा आवाज जरा सुटला. मग पूल आला. मध्यावर थांबवायला सांगितलं. त्याने हाक मारली, "बा, पूल आला, सावकाश या." बरी मारली. मग मी नदीकडे तोंड करून माझं बोलले. म्हटलं, "म्हाताऱ्या, चल घरी. पोरीवर राग धरू नकोस. विसराळू आहे, लहान आहे, तिला कुणी शिकवलं नाही. ती विसरली, तू विसरून जा."

तुझ्या बापाने सायकलीचं हँडल सोडलं. कठड्याला धरून उभा राहिला.

"ती विसरली नव्हती, आमे."

मी त्याच्याकडे वळले.

"नव्या रस्त्यावरच्या बोगद्यात तिने हाक मारायला सुरुवात केली होती. मला साहेबाचा फोन आला होता, गाडीत मोठ्याने ऐकू येत होता. मी तिला म्हटलं, जरा गप्प बस. पूल आला तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं होतं तिने. मी हात वर केला, असा. थांब म्हणून. तेवढ्यात पूल गेला."

खालून पाणी जात होतं.

"मग उंबऱ्यावर का नाही बोललास?"

"सगळे होते."

"तीही होती," मी म्हटलं.

त्याने मला घरापर्यंत आणलं. हाका मारत आणलं, चौकात, फाटकात, पायरीवर. आता कुणी बघतंय का तेही बघत नव्हता. मग ताट वाढलं, उदबत्ती अर्धी जळू दिली.

दोन्ही पालथ्या.

तुझा बाप जमिनीवर बसून राहिला. त्याला आज काही टोमणा मारला नाही मी. वडी उरली होती ती दिली.


चोविसावा दिवस

बरेच दिवस बटण दाबलं नाही. पडून होते. झोपताना पाठीशी तीन उशा लागतात, नाहीतर पाण्यात बुडाल्यासारखं होतं. छताकडे बघत मी सगळ्यांच्या केलेल्या गमती आठवल्या. उंबऱ्यावरची आठवली. फोनवर दर वेळी 'कोण बोलतंय, विसरलीस का स्वतःचं नाव' म्हणायचे, ती आठवली. तू आधी हसायचीस. मग फोन लवकर ठेवायला लागलीस. मला वाटायचं काम असेल.


सत्ताविसावा दिवस

लो भेटायला आला, नासपतीचं सरबत घेऊन. माझा चेहरा बघून घाबरला, म्हणून काहीबाही बोलत बसला. बोलता बोलता म्हणाला, "ती मुलगी अजून येते, वहिनी. जोडसायकलवाली. मी स्वतः पाहिली मागच्या सुट्टीला, लांबून."

"अजून तिचं माणूस आलं नाही म्हणजे."

"कसं येईल? ती पुलापर्यंत येते. मध्यावर थांबते, आपल्या गावाकडे बघत उभी राहते आणि तिथूनच परत फिरते. दर वेळी. आणि मागच्या सीटवर, ऊन नाही की पाऊस नाही, काळी छत्री उघडून बांधलेली असते."

सरबताचा पेला माझ्या हातात होता तसाच राहिला.

"लो, ती चालताना डावा खांदा खाली पाडून चालते का?"

"सायकलवर होती, वहिनी. पण थांबली तेव्हा... हो, तसंच काहीतरी."

लो गेल्यावर मी भिंत धरत पाटीपर्यंत गेले. फाका घेतल्या. ह्या वेळी जेवलास का असं विचारलं नाही.

"तू तिच्या मागे येतोस ना?"

एक उताणी, एक पालथी.

"पुलाच्या मध्यापर्यंत येतोस, आणि ती फिरली की तिच्याच मागे परत जातोस?"

एक उताणी, एक पालथी.

खात्रीसाठी पुन्हा टाकल्या. तेच. तुझ्या बापाच्या हाकेला तो आला नाही कारण तो आधीच दुसऱ्या हाकेला लागलेला होता. आम्ही त्याला पुलावर शोधत होतो आणि तो तुझ्या मागच्या सीटवर होता, ये-जा करत, न जेवता. तू उंबरा चढायला घाबरतेस, मग तो तरी कसा चढणार? नवीन जीव हाकेच्या मागे जातो. हाक जिथे वळेल तिथे.

मग एकेक जिन्नस विचारत गेले, काय वाढू म्हणून. मुळ्याचं आम्लेट? पालथ्या. वाळवलेल्या मोहरीच्या पाल्यातलं डुकराचं मांस? पालथ्या. तांदळाची दारू? दोन्ही उताण्या, हसला. शेवटी म्हटलं, रेल्वेचा डबा, स्टेशनावर मिळतो तो जेवणाचा? पोरगी आणायची तो? 'मांसाचा तुकडा पूर्वीपेक्षा पातळ करतात लेकाचे' म्हणत सगळा संपवायचास तो?

एक उताणी, एक पालथी.


अठ्ठाविसावा दिवस

लोला बोलावलंय. तो म्हणतो, ह्यातलं सगळं एकदम तुझ्या फोनवर जातं. मी म्हटलं, सुरुवातीचं थोडं पुसून टाक. म्हणाला, "वहिनी, मला पाठवायचं येतं, पुसायचं येत नाही." मग जाऊ दे तसंच. पहिल्या दिवसाचं ऐकशील तेव्हा लगेच फोन ठेवू नकोस. शेवटपर्यंत ऐक.

तुझ्या बापाने मला सांगितलंय. तू त्याचं नाव घेतलं नाहीस, तेही त्याने सांगितलं. तुझ्याशी त्याचं त्याने बोलावं, मी मध्ये पडणार नाही. माझं मी बोलते. उंबऱ्यावर मी म्हणाले ते खोटं होतं. उद्या त्याच उंबऱ्यावर, शेजारच्या बायकांना बोलावून, खरं काय ते सांगणार आहे. त्यांना हसायला दुसरं काहीतरी मिळेल.

परवा दार बंद होतंय. त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा बाप मला शहराच्या इस्पितळात नेणार, त्या उंच रस्त्याने. जाताना मी डोळे उघडे ठेवीन, खालचा पूल बघीन. येताना कशी येईन ते डॉक्टरने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण तुझ्या मांडीवर आले, तर मला खालच्या वाटेने आण. तो वरचा रस्ता मलाही ठाऊक नाही. आणि घसा मोकळा ठेव, मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं.

उद्या सुट्टी आहे. येशीलच. जोडसायकल घे, छत्री बांध. बोगद्यात डोकं सांभाळायला सांग, पुलावर सावकाश यायला सांग. मात्र मध्यावर थांबू नकोस. ह्या टोकाला मी असेन, तीनचाकीवर, टोपी टोपलीत ठेवून. पलीकडे जायची मला बंदी आहे, म्हणून इथूनच हात करीन. तू हाक मारत माझ्या पुढून ये, थेट घरापर्यंत, थेट आतपर्यंत.

आणि खालच्या स्टेशनावरून रेल्वेचे डबे घे. दोन. तळलेल्या तुकड्याचा, पिवळा मुळा घातलेला, अंडं अख्खं असेल तोच. एक म्हाताऱ्याला. दुसरा त्या बोगद्यातल्या मुलीला. तिला सांग, आपोने बसून जेवायला सांगितलंय, उभ्या उभ्या नाही. मला डबा नको, माझं मीठ बंद आहे. सोयात शिजवलेलं एक अंडं तेवढं जास्तीचं टाक, आणि ते तुझ्या बापाला सांगायला विसर.